पहिला यात्रेकरू

पायी यात्रेची कल्पना माझीच होती, हे आधीच कबूल करतो.

आम्ही भंडाऱ्याचे कॅथलिक. गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा आमच्यातली बरीच घरं तिकडे मोजली जाऊ लागली आणि इकडे रविवारच्या मिस्सेला चार बाकं भरली तरी फादर खूश दिसत. दर फेब्रुवारीत, लुर्द माऊलीच्या सणाला, आम्ही बपेऱ्याच्या अलीकडच्या एका खेड्यात जात असू. तिथं तलावाच्या पाळीवर लहानसं चॅपेल आहे. आत दहा माणसं मावतात, बाकीची बाहेर उन्हात. बस थेट दारापर्यंत जाई.

त्या वर्षी मी यात्रा समितीत होतो. नुकताच शाळेतून निवृत्त झालो होतो आणि पस्तीस वर्षं वर्गावर ओरडलेल्या घशाला रिकामं बसवत नव्हतं. बैठकीत उठून म्हणालो, "बसनं दारात उतरायचं, मिस्सा ऐकायची, भात खायचा. ही यात्रा आहे की सहल? शेवटचे नऊ किलोमीटर सगळ्यांनी चालायचं."

नळदुरुस्ती करणारा कुंदन हळूच म्हणाला, "सर, माया माईचे गुडघे दुखतेत. तिच्यासाठी एखादा ऑटो संगं ठेवला तं?"

"माऊलीपुढे सवलत मागायची नसते, कुंदन," मी म्हणालो. वाक्य मला इतकं आवडलं की मी ते दोनदा म्हटलं. कुंदनची आई, पुष्पाबाई, मागच्या बाकावर खाली मान घालून बसली होती.

यात्रेच्या सकाळी बेचाळीस माणसं फाट्यावर उतरली. मी सर्वांत पुढे, हातात झेंडा. दोन किलोमीटरपर्यंत मी मागे वळून "रांगेत चला" म्हणत होतो. तिसऱ्याला नुसता वळत होतो. यात्रेसाठी म्हणून घेतलेल्या नव्या बुटांनी टाचा सोलून काढल्या होत्या. "मागं कोणी राहिलं का ते बघतो," असं सांगून मी झेंडा कुंदनकडे दिला आणि शेवटी गेलो. शेवटी पुष्पाबाई होती, जपमाळ ओढत एका लयीत चाललेली. थोड्या वेळात तीही मला मागे टाकून गेली.

मी एका मोहाच्या झाडाखाली बसलो. तेवढ्यात मागून ट्रॅक्टर आला. बोनेटवर निळ्या अक्षरात 'जय भीम', ट्रॉलीत उन्हाळी धानाच्या पऱ्ह्यांच्या, म्हणजे लावणीच्या रोपांच्या, पेंढ्या. चालवणाऱ्यानं, तलावामागं शेती असलेल्या परसरामनं, विचारलं, "लंगडून काहून राहिले गुरुजी? बसा."

"आमची माणसं दिसली की थोडं मागंच उतरवून द्या," मी म्हणालो आणि पेंढ्यांमध्ये बसलो. इंजिनाच्या आवाजात त्याला काय ऐकू गेलं देव जाणे. त्यानं ट्रॅक्टर पांदणीत घातला आणि सरळ तलावाच्या मागं नेऊन उभा केला. यात्रा अजून तीन किलोमीटर मागं होती.

मी पाळ चढून चॅपेलपाशी गेलो. तिथली झाडलोट करणारी राधाबाई पाण्याची बादली घेऊन दारात बसली होती. सत्तरीच्या पुढची असेल. पायी येणार म्हणून फादरांनी तिला निरोप धाडला होता.

"आले? बसा," ती म्हणाली. मी काही बोलायच्या आत तिनं माझा उजवा बूट काढला आणि पाय धुवायला घेतला. फोड बघून चुकचुकली. "लय चालले तुमी."

मी दुसरा पायही पुढे केला. खरं सांगतो, बरंही वाटत होतं.

"चालत जो पहिला येते, त्याचं माऊली आयकते," ती म्हणाली. "माई लेक रंजिता नागपूरले दवाखान्यात आहे, पंधरा दिवस झाले. तिच्यासाठी मागा."

"मावशी," मी म्हणालो, "मी ट्रॅक्टरनं आलो."

तिचा हात थांबला. रागावली नाही. लोटा बाजूला ठेवून म्हणाली, "मंग तुमी नका मागू. कोणी चालत येईल त्याले सांगीन."

डावा पाय तसाच राहिला. एका पायात बूट, एक पाय ओला, असा मी पाऊण तास पायरीवर बसलो.

सगळ्यांत आधी आली पुष्पाबाई. बाकीचे पाणी प्यायला थांबले होते. बसलं तर उठता येणार नाही म्हणून ती चालतच राहिली होती. मी उठून लोटा घेतला. मी पाणी ओतलं, राधाबाईनं पाय धुतले आणि लेकीचं सांगितलं. पुष्पाबाई आत जाऊन बराच वेळ हात जोडून बसली.

बाहेर येऊन तिनं मला विचारलं, "सर, तुमी कवा आले?"

"ट्रॅक्टरनं आलो, पुष्पाबाई."

"बरं केलं," ती म्हणाली. "वापस जाऊन राहिला का तो? मीबी बसीन."

तोवर बाकीचेही येऊन पोचले होते. सगळ्यांसमोर मी बूट हातात घेऊन पाळ उतरलो आणि परसरामला विचारायला त्याच्या धानाच्या बांधीपर्यंत गेलो. तो म्हणाला, पेंढ्या उतरवा आधी. फादर आणि कुंदनही मदतीला आले. संध्याकाळी ट्रॉलीतून सहा म्हाताऱ्या आणि मी फाट्यावर आलो. वाटेत एकीनं मला सरकून बसायला सांगितलं, मी सरकलो.

राधाबाईची रंजिता मार्चमध्ये घरी परतली, असं फादरांनी एका रविवारी मिस्सेनंतर सांगितलं. पुष्पाबाई तेव्हा माझ्याच बाकावर बसली होती. तिनं पदरानं डोळे टिपले.