मिसळीवरची रेड वाइन

पाहुणे दारात आले तेव्हाच मला वास आला. काळ्या मसाल्याचा, कांद्याचा. माझं डोकंच फिरलं. दिंडोरीतल्या आमच्या वायनरीचे मालक शेखरसाहेब मुंबईच्या खरेदीदारांना आधी मिसळ खायला घेऊन गेले होते. नाशकात आलेल्या माणसाला मिसळ खाऊ घातली नाही तर यांचं नाक कापलं जातं म्हणे. पाहुण्यांनी दोनदा तर्री मागून घेतली, हेही साहेबच कौतुकानं सांगत होते.

आता तिखटानं बधिर झालेल्या त्या जिभांवर माझी वाइन जायची होती.

आठ महिने मी तिच्यामागे होते. तीन जातींच्या द्राक्षांचं मिश्रण: शिराझ जास्त, झिनफँडेल थोडी, कॅबर्ने अगदी बेतानं. चारशे रुपयांत मिळावी, पहिल्यांदा पिणाऱ्याला तोंड वाकडं न करता पिता यावी आणि तरी सरबत वाटू नये, एवढंच मला हवं होतं. ती जमली होती. पाहुणे हो म्हणाले की अख्खी टाकी तशीच्या तशी बाटल्यांत जाणार होती.

"साहेब, दोनेक तास थांबू या का?" मी हळूच विचारलं. त्यांनी असे डोळे वटारले की मी मुकाट्यानं ग्लास भरले.

मोठ्या पाहुण्यांनी घोट घेतला, रुमालानं नाक पुसलं. "पांचट आहे हो. वर तुरट. थोडी गोड करा, मग खपेल."

"करतो की," साहेब म्हणाले. लगेच. स्वतःच्या कपाळावरचा तर्रीचा घाम वाळला नव्हता अजून, आणि म्हणे करतो की.

पाहुण्यांच्या हाताखालच्या मनीषा मॅडमनी पित्तामुळे मिसळीला हात लावला नव्हता, नुसतं दही खाल्लं होतं. त्यांनी एक घोट घेतला, थांबल्या, मग दुसरा घेतला. बोल ना बाई, मी मनात म्हणत होते. त्यांनी ग्लास रिकामा केला आणि मान खाली घातली.

निघताना त्यांनी मला एकटीला गाठलं. "ललिताताई, फार छान होती. मला तशीच आवडली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हे मला सांगून काय उपयोग? तिथं तोंडाला कुलूप का लावलं होतं? तुमची एकटीचीच जीभ जाग्यावर होती."

"ते माझे साहेब आहेत हो. मिसळीचं तुम्हालाही ठाऊक होतं ना? मग तुम्ही का नाही सांगितलंत?"

त्यांची गाडी गेली. साहेबांनी आतून हाक मारली, आणि मी गोड रसाचं पिंप ढकलत नेऊन माझ्याच हातानं टाकीत ओतलं.