अकरा वळणं, एकेचाळीस टक्के

एक मुंगी चारच्या आकड्यावरून चालत एकाकडे आली, दोन्ही आकड्यांमधल्या काळ्या जागेत जरा घुटमळली आणि काचेच्या कडेवरून खाली उतरून गेली. एकेचाळीस. मुंगी होती तोवर नायाशला तो आकडा वाचावा लागला नव्हता. आता वाचावा लागला. नावेच्या बॅटरीत एकेचाळीस टक्के, आणि घरापर्यंत नदीची अकरा वळणं. प्रवाहाविरुद्ध एकेक वळण चार टक्के खातं. अकरा चोक चव्वेचाळीस — हा हिशेब त्याने सकाळपासून इतक्यांदा केला होता, की आता त्यात एखादी चूक सापडावी एवढीच आशा उरली होती. आणि शाळेत ज्याच्या गणितात चुकांशिवाय दुसरं काही सापडत नसे, त्याला नेमकी आज एक चूक सापडू नये...

वर छपराला सौरपट्ट्या होत्या, आणि त्यांच्यावर आभाळ पातेल्यावर झाकण ठेवल्यासारखं बसलेलं. नावेच्या टोकाला सासूची पाठ होती. सेनूरची. काल तो तिला आणायला नदीने खाली गेला, तेव्हा प्रवाहाने नावेला फुकट नेलं होतं. जाताना सगळेच शहाणे असतात. मिरुनिकचे, त्याच्या बायकोचे, दिवस भरले होते. तिने रेडिओवरून आईला निरोप धाडला होता आणि नवऱ्याला समोर बसवून सांगितलं होतं — आई आल्याशिवाय मी बाळंत होणार नाही. जणू हे तिच्या हातात होतं. पण मिरुनिकच्या हातात काय असतं आणि काय नसतं, यावर पैज लावायची हिंमत नायाशला अजून झालेली नव्हती.

जावयाने सासूच्या तोंडाकडे पाहू नये, तिच्याशी थेट बोलू नये. हल्लीची पोरं हे पाळत नाहीत. सासूबरोबर फोटोसुद्धा काढतात. नायाश पाळायचा. शहरात जाऊन विजेचं शिकून आलेल्या माणसाला एखादी तरी जुनी गोष्ट पाळावी लागते, नाहीतर लोक त्याच्या विजेला नावं ठेवतात. त्यामुळे नावेत बोलणं चाललं होतं ते कुत्रीमार्फत. सेनूरची ही पिवळी शिकारी कुत्री दोघांच्या मध्ये पाय पसरून पडली होती, आणि लेकी बोले सुने लागे या न्यायाने दोन्ही बाजूंचं ऐकून घेत होती.

"विचार गं त्यांना," सेनूर कुत्रीला म्हणाली, "घडीघडी त्या काचेत काय बघतात? तोंड बघतात का स्वतःचं?"

"सांग त्यांना," नायाश कुत्रीला म्हणाला, "नावेची तब्येत बघतोय."

"तब्येत कुणाची बघायची, तेसुद्धा कळत नाही म्हणावं."

कुत्रीने कान हलवला.

पहाटेच खरं तर ठरलं होतं सगळं... सासऱ्याच्या अंगणात, अंधारात, वायूसाच्या पानांचा काढा पिताना. सासऱ्याने रिवाजाप्रमाणे विचारलं, काय स्वप्न पडलं? स्वप्न ऐकून मग प्रवासाला निघायचं. आणि स्वप्न उलटं वाचायचं, हे पोराटोरांना ठाऊक. नायाशला काठोकाठ भरलेली बॅटरी दिसली होती — शंभर टक्के, आणि आतून उजेड मधासारखा ठिबकत होता. आता याचा अर्थ काय लावायचा? रानडुकरांची, माशांची, सापांची स्वप्नं म्हातारे उलगडतात. पण बॅटरीचं स्वप्न आजवर कुणाला पडलंच नव्हतं. त्याला तो उलटा नियम लागू होतो की नाही, हे विचारायला गेलं तर निघणंच रद्द व्हायचं. तो म्हणाला, काही नाही पडलं. सासऱ्याने काढ्याचा वाडगा खाली ठेवला आणि म्हणाला, "शिकलेली माणसं झोपतात तरी कशाला मग?"

दोन वळणं गेली. तेहतीस.

तिथे उजव्या काठावर तितियारमामाचं घर. सेनूरचा सख्खा भाऊ. त्याच्या घरावरून न थांबता जाणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. आणि थांबणं म्हणजे कसाव्याच्या कंदांच्या आंबिलीचे निदान तीन वाडगे, एकाला नाही म्हणायची सोय नाही. नायाशच्या मनात तेव्हा जे आलं, ते पेट्रोलच्या नाववाल्याच्या मनात कधी येऊच शकलं नसतं. आपली नाव वाजत नाही... पलीकडच्या काठाने, फांद्यांच्या सावलीतून... या नदीवर आवाज न करता कुणाच्या घरापाशी जातो तो फक्त वैरी, म्हणून तर तो प्रत्येक घाटाआधी शिंग फुंकायचा. आज त्याने फुंकलं नाही. सेनूर तेवढ्यात पेंगत होती. घर मागे सरकू लागलं, अर्धं सरकलं — आणि कुत्रीला मामाच्या कुत्र्यांचा वास आला.

"अरे हे कोण?" मामा बंदूक घेऊनच घाटावर उतरला होता. "जावईबापू! मला वाटलं, माझ्या आजोबांचा उरलेला हिशेब चुकता करायला कुणी आलंय. शिंग काय विकून खाल्लंस?"

"मामा, बॅटरी —"

"तुझी नाव ढगाला भिते आणि तू मला भितोस. ये, बस, दोघंही घाबरट जरा आराम करा."

सेनूर जागी झाली होती. त्याच्याकडे पाठ करूनच ती कुत्रीबरोबर घाटावर उतरली. ते जास्त लागलं.

तो मामीने दिलेला वाडगा खाली बघत रिकामा करायचा, आणि ती तो पुन्हा भरायची. प्रत्येक घोटाला मिरुनिकची एक कळ, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. आणि बाहेर — हे मात्र त्याला तासाभराने घाटावर आल्यावर कळलं — ऊन पडलं होतं. अडतीस. तो सावलीसावलीने चुकवून पळाला असता, तर तेहतीसच घेऊन पुढे कुठेतरी अडकला असता. पाहुणचाराने पाच टक्के दिले होते. याबद्दल मामाचे आभार मानावेत की उन्हाचे, ते ठरेना. त्याने दोघांचेही मानले नाहीत.

उरलेली नऊ वळणं, त्यांना लागणार छत्तीस टक्के. दोन शिल्लक. मग वर डोंगरात कुठेतरी पाऊस झाला असावा. पाणी तांबूस झालं, जोर धरू लागलं, आणि एकेक वळण सहा टक्के खाऊ लागलं. सव्वीस. वळणं सात. सात सक बेचाळीस.

तेव्हा त्याने लिव्हर मागे ओढली. शहरात पहिल्या आठवड्यात शिकवलेली गोष्ट — वेग कमी केला की बॅटरीची भूक वेगापेक्षा जास्त कमी होते. वळणाच्या आतल्या बाजूने, संथ पाण्यातून, काठाला अंग घासत गेलं तर वळणामागे तीन. सात त्रिक एकवीस. पुरेल. फक्त दुपारऐवजी दिवेलागण होईल.

"विचार गं, हळू का केली?"

"नाव दमली म्हणावं."

"नाव दमत नसते. हे त्यांनीच गावभर सांगितलंय." मग जरा थांबून, पाण्याकडे बघत, "ही मिरुनिक व्हायची होती तेव्हा हिचा बाप माकडाच्या शिकारीला गेला. तीन दिवस. बंदूक घरीच विसरला होता, तरी गेला."

बोलणं कुत्रीशीच होतं. कुत्री झोपली होती.

एक वळण गेलं. तेवीस, आणि सहा उरली. सहा त्रिक अठरा. त्याने पुन्हा मोजलं. पाच टक्के शिल्लक पडत होते, काहीही केलं तरी पडत होते. आता छातीवरचं ओझं उतरावं म्हणून तो वाट पाहत राहिला... उतरेना. बाळंतपण रिवाजाप्रमाणे बागेत व्हायचं, केळींच्या आड. तिथे पुरुषाचं काही काम नसतं. त्याचं काम सासूला पोचवण्याचं, ते झालं की तो बाहेर बसणार, आणि मग आतून कुणीतरी काहीतरी त्याच्या हातात आणून देणार, ज्याला टक्के नसतात. हे सकाळपासून चार-सहाच्या पाढ्यामागे दडून बसलं होतं. मी बॅटरी संपायची भीती धरली होती की... संपावी म्हणून...

वर ढगाला भोक पडलं. पट्ट्या उजळल्या आणि आकडा तेवीसचा चोवीस झाला. आता वेग वाढवता आला असता. थोडा नव्हे, चांगलाच. सेनूरची पाठ ताठ झाली; तिलाही ऊन लागलं होतं. लिव्हरवर त्याचा हात होता. नाव हळूच चालली होती, आणि ती बॅटरीसाठी हळू चालली आहे असं आता त्याला स्वतःलाही सांगता येणार नव्हतं.