स्टोअरच्या किल्लीचं बटण

कारखान्याच्या भिंतीवर मोठा पडदा लागला त्या दिवशी सुपरवायझरताईचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. पडद्यावर प्रत्येक लेथ मशीनचा एक चौकोन. मशीन चालू असलं की हिरवा, थांबलं की लाल. थांबलं तर कामगारानं लेथवरच्या छोट्या स्क्रीनवर कारणाचं बटण दाबायचं, पुढचं सगळं सॉफ्टवेअर बघणार. धातू कापायचं टूल झिजल्याचं कारण फारच येऊ लागलं, तर नवी टूलंसुद्धा ते परस्पर मागवणार! मालकांच्या हात धुऊन मागे लागून तिनं हे आणवलं होतं. मालकांनी मात्र बजावलं होतं, "महिनाभर बघतो. काम वाढलं नाही, तर पडदा खाली आणि तू परत तपासणीच्या टेबलावर."

महिना संपता संपता दारात टेम्पो येऊन उभा राहिला. आत खोकीच खोकी, सगळी टूलं. नातवंडांच्या काळापर्यंत पुरली असती. कामगार पोट धरधरून हसले आणि मालकांचा पारा चढला.

"सॉफ्टवेअर आहे की बकासुर? जेवणानंतर पडदा उतरवतो!"

ताई तडक पहिल्या लेथपाशी गेली. तिथे तिचे वडील काम करायचे, सगळ्यांत जुने कामगार.

"बाबा, खरं सांगा, इतकी टूलं झिजतात?"

"छे गं."

"मग ते बटण का दाबता?"

बाबांनी उगाच चष्मा पुसला. "माल संपतो म्हणून मशीन थांबतं. माल स्टोअरमध्ये, स्टोअरची किल्ली मालकांच्या खिशात आणि मालक फोनवर. आता हे भिंतीवर कसं झळकवायचं? टूल बिचारं उलटून बोलत नाही. मी त्याच्यावर ढकललं, माझं बघून सगळ्यांनी."

ताईला राग यायला हवा होता, पण आलं हसू. म्हणजे पडदा चुकला नव्हताच! महिनाभर सगळे त्याला भिडेपोटी थापा मारत होते. तिला इतका हुरूप आला की ती कॉम्प्युटरकडे जवळजवळ पळतच गेली. तिनं नवं बटण तयार केलं: 'किल्लीची वाट बघतोय'. मग लेथमागून लेथ फिरून सांगितलं, "आज खरं तेच दाबा." सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले.

जेवणानंतर मालक आले. कानाला फोन, मागे शिडी आणि हातोडी घेतलेला सुतार. शिडी भिंतीला लागली, तेवढ्यात बाबांचा माल संपला आणि लेथ थांबली. बाबांचं बोट सवयीनं टूलच्या बटणाकडे गेलं. या माणसानं जन्मात मालकांना उलट शब्द ऐकवला नव्हता. बोट थबकलं आणि शेजारच्या बटणावर पडलं.

पहिला चौकोन लाल झाला: 'किल्लीची वाट बघतोय'. मग शेजारचा. मग पलीकडचा. एकेकाचा माल संपत गेला आणि बघता बघता अख्खी भिंत लाल!

मालक वाचत राहिले. "नंतर बोलतो," त्यांनी फोन ठेवला. हात आपोआप खिशाकडे गेला. बाबा खाली मान घालून उभे होते.

"शिडी लावलीच आहेस," मालक सुताराला म्हणाले, "तर पडद्याखाली एक खिळा ठोक. हात पोचेल असा."

त्यांनी किल्ली स्वतः खिळ्याला अडकवली. ताईला ओरडावंसं वाटलं, नाचावंसं वाटलं. पण तिच्याआधी बाबाच पुढे झाले, सगळ्यांदेखत किल्ली काढली आणि ट्रॉली ढकलत स्टोअरकडे निघाले.