तारेवर अडकलेली आई

शनिवार वाचक मंडळाने डिसेंबरात भंडारदऱ्याला तंबूत राहायला जायचं ठरवलं, तेव्हा पंकजाला आधी हसू आलं आणि मग राग.

मंडळ संगमनेरचं. महिन्यातून एकदा दहा-बारा जण जमत, एका पुस्तकावर भांडत आणि शेवटी बटाटेवडे खात. एकमत व्हायचं ते वड्यांवरच. पंकजा पाटबंधारे खात्यात कारकून होती. वय तेहतीस. मंडळात येण्याचं तिचं कारण साधं होतं: ऑफिसात हातात पुस्तक दिसलं की लोक विचारत, "कुठली परीक्षा देताय?"

मंडळाचे प्रमुख नृसिंह सर. चाळीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाले होते; तास संपल्याची घंटा मात्र त्यांना अजून कुणी ऐकवली नव्हती. ते म्हणाले, "या वेळी चार भिंती नकोत. मातीवर झोपू, तीन दगडांच्या चुलीवरचं जेवू आणि उघड्या आभाळाखाली 'श्रमाचा सन्मान' या विषयावर बोलू." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पंकजाने वाजवल्या नाहीत. पहिलीपासून सातवीपर्यंत दर वर्षी दिवाळी झाली की ती मातीवरच झोपली होती. आईबाप कर्जत तालुक्यातलं गाव सोडून सहा महिने कारखान्यावर ऊस तोडायला जात. उसाच्या पाचटाची कोपी म्हणजे झोपडी, वाकून आत शिरायचं, वाकूनच बाहेर यायचं. तेव्हा त्याला साहस म्हणतात हे कुणी तिच्या कानावर घातलं नव्हतं. आठवीला मामीकडे राहायला गेली म्हणून शिकली. मंडळात यातलं कुणालाच माहीत नव्हतं. तिने लपवलं नव्हतं, असं ती स्वतःला सांगायची. फक्त हे कळलं की माणसं एका बाजूला मान कलती करतात आणि आवाज उतरवतात, जसं काही समोर कुणी आजारी आहे. त्या कलत्या मानेचा तिला भयंकर कंटाळा होता.

भरीस भर म्हणून या महिन्याचं पुस्तक ऊसतोडीवरचंच होतं. जाडजूड. त्यात बायका पहाटे ओव्या गात गात ऊस तोडत होत्या. पंकजाने कडेला पेन्सिलीने लिहिलं, 'गात गात कोयता चालवला तर नडगी जाते.' मग पुस्तक वाचनालयाचं आहे हे आठवून तिने ते खोडलं, आणि खोडताना पान फाडलं.

सहलीला घरातलं एक माणूस आणायची मुभा होती. दोन वर्षांपासून पंकजाकडे राहणारी तिची आई, पुष्पावती, हे फोनवरच्या बोलण्यातून ऐकून बसली होती.

"मी येनार," आई म्हणाली.

"तंबूत राहायचंय गं. थंडी असते."

"मंग मला थंडी काय टीव्हीत बघून म्हाईत हाय का? आजवर गाव सोडलं ते कामालाच. एकदा नुसतं हिंडायला जायचंय."

पंकजाने एकच अट घातली. "तिथं कोयत्याचं काही काढू नकोस."

"का? मला न्हाई लाज."

"लाज नाही गं. लोक प्रश्न विचारतात."

आईने लेकीकडे जरा जास्तच वेळ बघितलं, आणि मग ठेवणीतलं हिरवं लुगडं काढायला गेली.

शनिवारी मिनीबस निघाली आणि गावाबाहेर उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकली. आईने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काय मोळी बांधलीय! नवी टोळी दिसती. कारखान्यापतुर निम्मा ऊस रस्त्यावर."

पंकजाने तिला कोपराने ढोसलं. मागच्या सीटवर देवश्री होती. दातांची डॉक्टर, मनाने चांगली, हातात कायम मोबाईल. ती म्हणाली, "आजी, तुम्हाला शेतीतलं किती कळतं!"

"घरची शेती हाय ना," आई म्हणाली आणि लेकीला डोळा मारला.

धरणाकाठी निळे-नारिंगी तंबू एका ओळीत उभे होते. आईने एकाची चेन वरखाली करून बघितली, आत वाकून गेली, वाकून बाहेर आली.

"संडास?"

"तिकडे, त्या झाडापाशी."

"पानी?"

"नळ आहे."

"मंग आपल्या कोपीपरीस बरं हाय," आई म्हणाली. पंकजाने चटकन मागे बघितलं. कुणी ऐकलं नव्हतं. सगळे धरणाचा फोटो काढत होते.

दुपारी देवश्रीने ते काढलंच. "आजी, चुलीवर तुमच्या हातची भाकरी होऊ द्या! मी व्हिडिओ काढते."

पंकजा याच क्षणाची वाट बघत होती. 'माझी आई स्वयंपाकीण म्हणून आलेली नाही' हे वाक्य तिने घरीच घोटून ठेवलं होतं. पण तिने तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "मी सहलीला आलेय, बाई. तुमी करा, मी खाते."

"मला येत नाही ना."

"मंग शिका आज. मी सात वर्साची असताना एका दिसात शिकले. चटका बसला की येती."

देवश्री खरंच बसली. तिची पहिली भाकरी परातीतून तव्याकडे जाताना वाटेतच तुटली. आई शेजारी खुर्चीवर पाय वर घेऊन बसली, सूचना देत. शेवटी देवश्रीच्या भाकरीकडे बघून तिने छावणीच्या मालकाला हाक मारली. "आदिनाथराव, ती मॅगी मिळती का हो हितं?"

पंकजा इतकी खूश झाली की चार वाजेपर्यंत ती चक्क निसर्गाकडे बघत होती.

चार वाजता चर्चा सुरू झाली. छावणीत स्वयंपाकाला असलेली छबूबाई, पन्नाशीची, काटक, चहाचे कप घेऊन आली आणि सर बोलत होते म्हणून आदराने बाजूला उभी राहिली. सर प्रास्ताविक करत होते. श्रमिकांचा घाम, श्रमिकांचे हात, त्या हातांविषयीची आपली कृतज्ञता. हातात ट्रे धरून छबूबाईचे हात दुखायला लागले असतील. पाऊण तासाने सर थांबले आणि कप फिरले.

आईने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "ए बाई! ह्यो च्या हाय का भांडी धुतल्यालं पानी? गार ढोन! जा, दुसरा आन. अन् गरम आन!"

पंकजाच्या कानापर्यंत रक्त चढलं. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. उसाच्या फडावर मुकादम याच आवाजात बोलायचा.

नृसिंह सरांनी घसा साफ केला. "आजी, असं बोलू नये. त्याही माणूस आहेत. कष्ट करणाऱ्याला प्रतिष्ठा असते. तुम्हाला कदाचित कल्पना नसेल, पण आठ-आठ तास राबणं म्हणजे काय असतं..."

आईने सरांकडे बघितलं. मग लेकीकडे बघितलं. अट आठवून तिने तोंड मिटलं. ते तोंड तिने इतक्या कष्टाने मिटलं की पंकजाला ते दिसलं.

बोलली ती छबूबाई. "च्या गरमच आनला व्हता. ह्या सरांचंच सरना." एवढं बोलून ती ट्रे उचलून चालती झाली. सरांनी टिपणाचं पुढचं पान उलटलं, पण पुढे कुणाचंच मन लागलं नाही.

ऊन कलल्यावर पंकजाने आईला तंबूत गाठलं. "तू त्या बाईवर का ओरडलीस? तू स्वतः तिच्या जागी होतीस ना?"

"व्हते की. तीस वर्सं व्हते." आई बोटाने तंबूचं कापड चाचपत होती. "वर बसून वरडायला कसं वाटतं, ते बघावं म्हनलं एकदा."

"मग? कसं वाटलं?"

"ब्येस वाटलं." तिने बोट मागे घेतलं. "जरा येळ ब्येस वाटलं. मंग तिचं त्वांड बघितलं."

पंकजाने घरून आणलेली वाक्यं सगळी सरांसारख्यांसाठी होती. आईसाठी एकही नव्हतं. जिने आयुष्यभर खाल्ल्या, ती संधी मिळताच दोन शिव्या देईल, हे कुठल्याच पुस्तकात लिहिलं नव्हतं. निदान मंडळाने घेतलेल्या तरी.

आई उठून स्वयंपाकघराकडे गेली. पंकजा दबकत मागे गेली. आईने माफी मागितली नाही, भांड्यांना हातही लावला नाही. ती नुसती छबूबाईच्या चुलीपाशी जाऊन बसली. छबूबाईने तिच्याकडे न बघता आधण ठेवलं. थोड्या वेळाने दोघी कुणाला तरी हसत होत्या, अगदी पदर तोंडाला लावून. कुणाला, ते पंकजाने विचारलं नाही. अंदाज होता.

रविवारी सकाळी साहसाचा कार्यक्रम होता. झिपलाइन. या टेकाडावरून ओढ्यापलीकडच्या टेकाडावर तार टाकलेली, कमरेला पट्टे बांधायचे आणि सुटायचं. सरांना ऐन वेळी रक्तदाब आठवला. देवश्री म्हणाली, "मी व्हिडिओ काढते." बाकीचे तारेच्या दर्जाबद्दल बोलू लागले.

"मी जाते," आई म्हणाली.

आदिनाथरावाने तिचं वजन विचारलं. अडतीस. तो म्हणाला, "मावशी, हलक्या मानसाला वारा अडवतो. मधी थांबलात तर घाबरायचं न्हाई, आमी दोरीनं वढून घेतो." लुगड्याचा काष्टा असल्याने पट्टे झकास बसले. आई सुटली. हिरवा पदर, पांढरे केस, आणि तोंडातून असा काही आवाज की पंकजाने तो जन्मात ऐकला नव्हता.

आणि बरोबर ओढ्याच्या मधोमध आई थांबली.

"पंके!" वरून हाक आली.

"घाबरू नकोस!"

"घाबरतंय कोन? हितनं धरान सगळं दिसतंय!"

दोरी घेऊन पलीकडून माणूस निघायला वेळ होता. आई आरामात लटकली होती. तिने गंमत म्हणून "हूऽऽ" केलं. समोरच्या डोंगराने "हूऽऽ" केलं. आईला ते फार आवडलं. डोंगर ऐकतो म्हटल्यावर तिने मोकळं व्हायचं ठरवलं.

"ए मुकादमा! बाळंत हून धाव्या दिशी मला फडात हुबी केलीस! मुडदा बशिवला तुजा!"

"...तुजाऽ," डोंगर म्हणाला.

"माज्या पंकीचं नाव पटावरनं काढनाऱ्या मास्तरा! त्वांडात माती पडली तुज्या!"

नृसिंह सर नकळत एक पाऊल मागे सरले.

"खंडोबा! तुजं गावाला आल्यावर बघते! तीस वर्सं ऊस तोडला मी, तीस! अन् पंके, तू मला म्हनतीस कोयत्याचं बोलू नगंस? व्हय गं?"

"...व्हय गंऽ?"

मंडळाची सगळी डोकी पंकजाकडे वळली. देवश्रीने मोबाईल खाली केला आणि तिची मान हळूहळू एका बाजूला कलायला लागली.

"मान सरळ कर," पंकजा म्हणाली. "मी ठणठणीत आहे. अडकलीय ती तिकडे."

देवश्रीने दचकून मान सरळ केली. सर मात्र गोरेमोरे झाले होते. "म्हणजे काल मी यांना... राबण्याबद्दल..."

"हो सर. आणि त्याआधी पाऊण तास प्रास्ताविक."

आणि सर एकदम खो-खो हसत सुटले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पंकजाला ते पहिल्यांदाच आवडले. मग तिने दोन्ही हात तोंडाशी नेले आणि पूर्ण ताकदीने ओरडली, "बोल आई! काय बोलायचं ते बोल!"

आई बोलली. दहा मिनिटं बोलली. त्यात काही नातेवाईक आले, एक सावकार आला, पंकजाचा बापही एकदा येऊन गेला. छबूबाई स्वयंपाकघरातून धावत येऊन प्रत्येक शिवीला दाद देत होती. शेवटी दोरीवाल्याने आईला पलीकडे नेलं, तेव्हा तिचा घसा बसला होता आणि ती आणखी एकदा जायचं म्हणत होती.

परतीच्या बसमध्ये ती पंकजाच्या खांद्यावर झोपली. पंकजाच्या हाताला मुंग्या आल्या तरी तिने तो हलवला नाही.

सोमवारी ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या हनुमंतने सवयीने विचारलं, "काय मॅडम, रविवार कसा गेला?" सहा वर्षं तो हा प्रश्न विचारत होता आणि सहा वर्षं ती 'बरा' म्हणत होती.

"माझी आई ऊस तोडायची," पंकजाने सुरुवात केली, आणि तार, डोंगर, मुकादम, सगळं सांगितलं. हनुमंत हसला नाही. मानही कलती केली नाही. हातातला शिक्का त्याने टेबलावर ठेवला.

"आमचं गाव जामखेडकडं," तो म्हणाला. "आईवडील सोळा वर्सं फडावर हुते. मी ट्रॉलीवर झोपून लहानाचा मोठा झालो." मग खुर्ची ओढून तो तिच्या टेबलाशी आला. "तुमी कुठल्या कारखान्याला जायचा?"

जेवायची सुट्टी होईपर्यंत त्या दिवशी एकही फाईल उघडली गेली नाही.