गिरजाबाईच्या निऱ्या

कंपवाताने गिरजाबाईचे आधी हात धरले, मग पाय. तिची आंघोळ, वेणी, घास भरवणं, सगळं नवऱ्यावर, पोपटवर आलं आणि ते त्याने मुकाट शिकून घेतलं. घोडं अडलं ते साडीपाशी. त्याची बहीण शांती उठता-बसता सांगे, "गाऊन घाल की गो वैनी. दादाची तरी सुटका व्हईल."

"गाऊन घातला की मी खाटेवर गेले," गिरजाबाई फणकारे. "नाय घालायचा!"

जोहे गावच्या मूर्तींच्या कारखान्यात पोपटने जन्मभर गणपतींच्या पीतांबराच्या निऱ्या कोरल्या होत्या. निऱ्यांचं मला काय सांगता, अशा तोऱ्यात त्याने दार लावलं आणि बायकोला साडी नेसवली. निऱ्या काय देखण्या पडल्या! पण गिरजाबाईने पाऊल उचललं आणि ती जागीच अडकली.

"अवो, मी काय पाटावर बसणार हाय? मला चालायचंय!"

पोपटला आधी राग आला, मग हसू. मूर्तीला चालावं लागत नाही, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. घेर सैल सोडायला तो शिकला, पण दार लावूनच. गावात कळलं तर तोंड कुठे लपवायचं, ही धास्ती होती.

संक्रांतीनंतर शेजारच्या विमलबाईकडे हळदीकुंकू होतं. आज साडी नेसून गेले नाही तर बाहेर पडणं कायमचं संपलं, हे गिरजाबाई ओळखून होती. पोपटने तिला नेसवून, हाताला धरून विमलबाईच्या पडवीत बसवलं आणि आपण अंगणात पाठ करून उभा राहिला. बायकांचा कार्यक्रम, पुरुषाचं तिथे काय काम?

वाण घ्यायला उठताना गिरजाबाईच्या निऱ्या सुटल्या. शांती धावली. "सांगत नव्हते? चल घरी, गाऊन चढवते."

गिरजाबाईने तिचा हात झिडकारला. सुटलेली साडी थरथरत्या मुठीत गच्च धरून तिने अंगणाकडे हाक टाकली, "अवो, आत या!"

पोपटचे कान तापले. ऐकलंच नाही असं दाखवावं, असं वाटलं आणि त्याची त्यालाच चीड आली. चपला काढून तो बायकांमधून सरळ पडवीत गेला, तिच्यापुढे उकिडवा बसला आणि निऱ्या घालू लागला.

"दादा, बायकांत कुठं शिरतोस?" शांती ओरडली.

पोपटने निऱ्या नीट खोचल्या, मग मान वर केली.

"बायकांत नाय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बायकोकडं आलोय."