माशांच्या वाटणीची वीज

इस्त्री बंद पडली तेव्हा गिऱ्हाइकाच्या कोटाची डावी बाही झाली होती, उजवी व्हायची होती. बायकोने प्लग काढून पुन्हा लावला, बटण खालीवर केलं, इस्त्री उलटी धरून तिच्या पोटाकडे पाहिलं. मग दोष इस्त्रीचा नाही हे ओळखून तिने मागच्या व्हरांड्याकडे तोंड करून हाक मारली.

"अहो, तुमचं घर बंद पडलं."

घर तसं दोघांचं होतं, पण बिघडलं की ते टेस्टरचं होत असे. टेस्टर हे त्याचं खरं नाव नव्हे. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी तो विजेचा टेस्टर लावून हिंडायचा, आणि एकदा ऑफिसात सही करताना त्याने तोच कागदावर घासला होता, तेव्हापासून हे नाव चिकटलं ते चिकटलंच. विम्याच्या ऑफिसात त्याचं काम होतं, दुसऱ्यांनी तपासलेले कागद खरोखर तपासले आहेत का हे तपासायचं. अशा नोकरीत माणसाला कधीतरी वाटतंच, की जगात आपण स्वतः केलेलं असं काहीतरी असावं. टेस्टरचं ते काहीतरी व्हरांड्याच्या भिंतीवर होतं.

गच्चीवर सौरऊर्जेची पॅनेलं, व्हरांड्यात भंगारातल्या गाड्यांमधून सोडवून आणलेल्या बॅटऱ्या, आणि भिंतीवर एका पत्र्याच्या डब्यात बसवलेला तळहाताएवढा कॉम्प्युटर. वीज कमी असली की ती कुणाला आधी द्यायची आणि कुणाला ताटकळत ठेवायचं, हे तो कॉम्प्युटर ठरवायचा. म्हणजे भरल्या घरात सासूबाई जे करतात तेच, फक्त न बोलता.

"ज्या वस्तूचे स्क्रू आपल्याला काढता येत नाहीत, ती वस्तू आपल्या घरात पाहुणी म्हणून राहते," असं टेस्टर येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा.

"आणि ज्यांचे तुम्ही काढलेत, त्यांचे दोन-दोन उरतात कसे?" असं बायको त्यावर ऐकवायची.

डब्यातला प्रोग्राम त्याने स्वतः लिहिला होता आणि इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला ठेवला होता. कुणीही न्यावा, वापरावा, सुधारला तर सुधारणा परत पाठवावी. सासूबाई त्यांच्याकडेच राहायच्या. त्यांनी एकदा काळजीने विचारलं होतं, "आणि कुणी चोरला म्हणजे, जावईबापू?"

"चोरायलाच ठेवलाय, आई."

त्यानंतर बरेच दिवस सासूबाई रात्री दाराची कडी स्वतः लावत होत्या.

तर या प्रोग्रामला नुकतीच एका अनोळखी माणसाने सुधारणा पाठवली होती. इंटरनेटवर तो स्वतःला 'कासव' म्हणवायचा. इतकी नीटनेटकी सुधारणा टेस्टरने आयुष्यात पाहिली नव्हती. सुरुवातीला कृपया, शेवटी आभारी आहे, आणि मधले स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी. त्याने ती न वाचताच बसवली. दिवसभर तपासून आलेला माणूस घरी आल्यावर आणखी काय तपासणार?

आता तो डब्यासमोर उभा राहून छोट्या पडद्यावरची यादी वाचत होता. मागे बायको, हातात कोट.

"इस्त्री का बंद आहे?"

"बॅटरी उतरलीय, म्हणून तिला मागे ठेवलंय."

"कुणाच्या मागे?"

टेस्टरने यादी पुन्हा वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"माशांच्या," तो म्हणाला.

"कुठल्या माशांच्या?"

घरात मासे नव्हते. कधीच नव्हते. तरी खात्री असावी म्हणून टेस्टर बाथरूममध्ये डोकावून आला. पडद्यावर मात्र स्वच्छ लिहिलं होतं, 'मासे. पाणी सव्वीस अंश. ठीक.' त्याखाली पंखे, दिवे, फ्रीज, आणि तळाला, शिक्षा झाल्यासारखी, इस्त्री.

बायकोने फोन उचलला आणि वायरमनला लावला. "दादा, रविवारी या. काही दुरुस्ती नाही, काढायचंय. सगळं. गच्चीपासून डब्यापर्यंत." फोन ठेवून ती टेस्टरकडे वळली. "गिऱ्हाइकाला काय सांगू मी? उजवी बाही माशांनी खाल्ली? मला भिंतीत बटण हवंय. दाबलं की लागेल असं. रविवारपर्यंत तुमचे मासे गेले तर ठीक, नाहीतर डबा जाईल."

डबा गेला तर टेस्टरकडे उरणार होते फक्त ऑफिसातले कागद, आणि तेही दुसऱ्यांचे.

त्याने लगेच प्रोग्राम उघडला. माशांची ओळ सापडायला वेळ लागला नाही. तिच्या शेजारी कुणीतरी सूचना लिहून ठेवली होती: 'कारण माहीत असल्याशिवाय ही ओळ काढू नये.'

टेस्टरला कारण माहीत नव्हतं. म्हणजे ओळ काढता येत नव्हती. तो बराच वेळ त्या वाक्याकडे बघत बसला. त्यात चूक काहीच नव्हती, हाच त्याचा त्रास होता.

त्याने कासवाला लिहिलं, 'तुमच्या माशांमुळे आमच्या घरी इस्त्री होत नाही.'

कासवाचं उत्तर चहा होईपर्यंत आलं. 'माझे मासे? अहो, मी तर तुमच्या माशांसाठी गीझर बंद ठेवून गार पाण्याने आंघोळ करतोय. पडसं झालंय मला. तरी म्हटलं, एवढा चांगला प्रोग्राम फुकट देणारा माणूस, त्याचे मासे आपण नाही सांभाळायचे तर कुणी?'

टेस्टरने ते दोनदा वाचलं आणि त्याचं डोकं भणभणलं. मग त्याने धागा पकडून मागे मागे जायला सुरुवात केली. कासवाने ती ओळ एका दातांच्या डॉक्टरच्या प्रोग्राममधून घेतली होती. डॉक्टरांनी कळवलं की त्यांच्या दवाखान्यात माशांची टाकी आहे खरी, पण ते चित्र आहे. त्यांनी ओळ घेतली होती एका बेकरीवाल्याकडून. बेकरीवाला म्हणाला, मासे आणि मी? मला तर ओळ तुमच्याकडूनच आली साहेब, टेस्टर साहेबांकडून.

ओळ गोल फिरून टेस्टरच्या दारात येऊन उभी राहिली होती, आणि ती त्याने लिहिलेली नव्हती. निदान त्याला तसं वाटत होतं. संध्याकाळपर्यंत त्याचीही खात्री डळमळली.

"एखादे वेळी तुम्हीच लिहिलं असेल आणि विसरला असाल," बायको म्हणाली.

"मी मासे कशाला लिहीन?"

"तुम्ही वाढदिवसाला मला वीज मोजायचा मल्टिमीटर कशाला दिलात?"



कासवाने आणखी एक गोष्ट कळवली, आणि ती ऐकून गुंता वाढलाच. वीज काही यांच्या घरातून उठून माशांकडे जात नव्हती. जात होता फक्त निरोप. इकडे इस्त्री थांबली, की 'आम्ही थांबलोय, तुम्ही घ्या' असा निरोप सुटायचा. असे बऱ्याच घरांचे निरोप जमले, की तिकडे पाणी तापवायला सुरुवात व्हायची. तिकडे म्हणजे कुठे? ते मला विचारू नका, असं कासवाने लिहिलं होतं. निरोप ज्या पत्त्यावर जायचे तो पत्ता निरोप घ्यायचा, पण विचारलेल्या प्रश्नाला उत्तर म्हणून नुसतं तापमान द्यायचा. टेस्टरने विचारलं, आपण कोण? उत्तर आलं, सव्वीस.

शनिवारी सकाळी सासूबाईंनी भाजी निवडता निवडता निकाल दिला.

"जावईबापू, आमच्या जिन्यात कुणाची छत्री पडून राहिली, की मी ती उचलून घरात ठेवायची. ज्याची असेल तो विचारत यायचा. तुम्ही ती ओळ काढून बाजूला ठेवा. ज्याचे मासे असतील तो ओरडेल."

"आणि मासे मेले तर?"

"थोडा वेळच काढा हो. मासे काय, माणसंसुद्धा वीज गेल्यावर लगेच मरत नाहीत. आधी शेजारी बघतात, त्यांची गेलीय का."

टेस्टरला हे पटलं. मोठ्या यंत्रणा चालवणारे लोकसुद्धा अगदी हेच करतात हे त्याला ठाऊक होतं, फक्त ते त्याला चाचणी म्हणतात आणि भाजी निवडत नाहीत. त्याने ओळ काढली, आणि त्याच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या सगळ्या घरांतूनही ती आपोआप गेली. पडद्यावर माशांच्या जागी नुसती रेघ आली. इस्त्रीचा दिवा लागला. बायकोने धावत जाऊन कोट पसरला.

उजवी बाही संपायच्या आत ओरडा सुरू झाला. फोन टेबलावर थरथरत सरकायला लागला.

दातांचे डॉक्टर विचारत होते, मासे बरे आहेत ना? बेकरीवाल्याने लिहिलं, आमची भट्टी एकदम जोरात तापली, पाव करपले, तेव्हाच मनात पाल चुकचुकली की माशांचं काहीतरी झालं. एका शाळेतल्या बाईंनी कळवलं की त्यांच्या वर्गातले पंखे अचानक पूर्ण वेगात फिरायला लागले, मुलांच्या वह्या उडाल्या, आणि सगळा वर्ग माशांच्या काळजीत आहे. कुणी एक निवृत्त कॅप्टन होता, त्याने फक्त विचारलं, 'किती वाचले?' कासवाने लिहिलं, 'गीझर सुरू झाला. मी आंघोळ केलेली नाही. मनच झालं नाही.'

टेस्टर एकेकाला उलट विचारत होता, मासे तुमचे आहेत का? उत्तर एकच येत होतं. छे, आमचे कुठले! आम्ही तर तुमचे समजत होतो.

"ओरडले सगळे," टेस्टर म्हणाला, "पण मालक एकही नाही. आई, तुमच्याकडे छत्री विचारायला कुणी आलंच नाही तर काय करायचात?"

"मग आपली छत्री," सासूबाई म्हणाल्या.

टेस्टरने ओळ घाईघाईने परत घातली. रेघ गेली आणि आकडा आला. चोवीस. मग हळूहळू, नाक मुरडत चढल्यासारखा, पंचवीस. म्हणजे पाणी तरी कुठेतरी नक्की होतं, आणि ते नक्की गार झालं होतं. पाण्यात कोण होतं, हा प्रश्न कालच्यापेक्षा आज अवघड झाला होता. इस्त्री बंद पडली. पण कोट झाला होता. बायकोने फक्त विचारलं, "चढला का?" आणि आपण हे विचारलं याचा राग येऊन ती आत निघून गेली.

रविवारी वायरमन आला. भला माणूस, बोलका. त्याने शिडी लावली, डबा उघडला, आतल्या तारांकडे बघून जीभ टाळ्याला लावून च्यक केलं.

"काढतो सगळं. तासाभराचं काम. साहेब, मेन बंद करा."

टेस्टर मेनपाशी गेला आणि तिथेच थांबला. हात वर जाईना. त्याला मान्य होतं की इस्त्री चालली पाहिजे. त्याला हेही मान्य होतं की मासे बहुतेक नाहीत. पण बहुतेक या शब्दावर मेन बंद करायचं त्याच्या हाताला मान्य नव्हतं.

"काय झालं?" वायरमनने शिडीवरून विचारलं.

टेस्टरने सांगितलं. मासे, निरोप, पत्ता, सव्वीस, सगळं. सांगताना त्याला स्वतःलाच आपण वेडे वाटत होतो. वायरमन ऐकता ऐकता एकेक पायरी खाली उतरत होता. गोष्ट संपली तेव्हा तो जमिनीवर होता.

"ताई," तो बायकोला म्हणाला, "मी हात लावत नाही."

"अहो, इथे मासे नाहीयेत!"

"इथे नाहीत म्हणजे कुठेतरी असणार. मी आजवर लोकांच्या वायरी तोडल्यात, जीव नाही तोडला कुणाचा. उद्या माझ्या स्वप्नात आले तर तुम्ही येणार का समजूत घालायला?"

"कोण आले तर?"

"मासे!"

बायकोने टेस्टरकडे पाहिलं, वायरमनकडे पाहिलं. दोन धडधाकट माणसं एका पत्र्याच्या डब्यासमोर मान खाली घालून उभी होती. ती डब्यापाशी गेली आणि पडद्यावरची यादी तिने पहिल्यांदाच वरपासून खालपर्यंत वाचली. मग यादीवर बोट ठेवलं.

"दादा, ही इस्त्री यातून काढा आणि सरळ बाहेरच्या लाइनवर टाका. फ्रीजपण. पंखे, दिवे, सगळं. भिंतीत बटणं बसवा, दाबली की लागतील अशी. यात काय राहतं मग?"

टेस्टरने पाहिलं. "मासे."

"राहू देत."

वायरमनला हे जमण्यासारखं होतं. दुपारपर्यंत घर साध्या बटणांवर आलं. इस्त्री कुणाची परवानगी न घेता तापू लागली. मागच्या व्हरांड्यात पॅनेलं, बॅटऱ्या, डबा सगळं होतं तिथेच राहिलं, एकाही स्क्रूला धक्का न लागता. घरातल्या कुठल्याच वस्तूशी आता त्याचा संबंध उरला नव्हता. सगळ्या बॅटऱ्या एका निरोपासाठी राबत होत्या: आम्ही थांबलोय, तुम्ही घ्या. खरं तर आता कुणीच थांबलेलं नव्हतं. हे तिकडे कळवावं का, हे टेस्टरला ठरवता येईना.

आपण जिंकलो की हरलो, हेही त्याला कळेना. डबा वाचला होता. डब्याला काम होतं. काम कुणाचं होतं ते कुणालाच माहीत नव्हतं. ऑफिसातही साधारण असंच असतं, असं त्याच्या मनात आलं, आणि हा विचार त्याने लगेच झटकून टाकला.

वायरमन गेल्यावर तिघं व्हरांड्यात चहा घेत बसली. पडद्यावर साडेपंचवीस होतं.

"अजून अर्धा कमीच आहे," बायको म्हणाली.

"चढेल," टेस्टर म्हणाला.

सगळे आकड्याकडे बघत होते. आकडा जागचा हलला नाही. थोड्या वेळाने गार वारा सुटला, तशा सासूबाई उठल्या, पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि व्हरांड्याची खिडकी लावून आल्या.