आतल्या कडेवरचा करार

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणाऱ्याला मी हमखास चाळण वाटतो. गोल लाकडी कडे आणि त्यावर ताणलेले काहीतरी, दुसरे काय वाटणार? पण मी चाळण नाही. मी दोयरा आहे, तुमच्या डफाचा दूरचा भाऊ. ताश्कंदच्या मुलखातल्या मार्गिलान गावात मला आता बावीस वर्षे झाली.

माझे कडे तुतीच्या लाकडाचे आहे. आमच्या गावात तुतीची पाने रेशमाचे किडे खातात आणि लाकूड उस्ता यिगितालींसारख्या कारागिरांकडे जाते. उस्तांनी एक लांब पट्टी दोन दिवस पाण्यात भिजवली, वाफेवर नरम केली आणि हळूहळू वाकवून तिची टोके सरसाने जोडली. आतून एकावन्न लहान लोखंडी रिंगा अडकवल्या. शेवटी वासराचे ओले कातडे ताणून बसवले आणि मला सावलीत वाळत ठेवले. उन्हात ठेवले असते तर मी लवकर वाळलो असतो, पण एका बाजूने जास्त आकसलो असतो. अकराव्या दिवशी त्यांनी मला टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाले, "झाला."

मला जिच्यासाठी बनवले होते ती मुलगी सोळा वर्षांची होती. तिचे नाव जुल्हुमोर. ती फार बोलत नसे, पण तिची बोटे नेमकी होती. आधी शाळेच्या आणि मग शहराच्या स्पर्धेत आम्ही वाजवले. लोक म्हणत, या मुलीच्या हातात घड्याळ आहे. मला ते ऐकून बरे वाटे.

मग जुल्हुमोरचे लग्न झाले. दोन मुले झाली. रेशीम कारखान्याच्या प्रयोगशाळेत, रंगांची चाचणी करण्याची नोकरी लागली. मी स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला लटकलो आणि नऊ वर्षे लटकून राहिलो. शेजारच्या खिळ्यावर पिठाची चाळण असे. जुल्हुमोरच्या सासूबाई कुमरी अया घाईघाईत कधी कधी चाळणीऐवजी मलाच काढत. मग मला परत अडकवताना म्हणत, "ही चाळण पीठ चाळत नाही, मग इथं लटकली आहे कशाला?"

तेव्हापासून त्या घरात माझे नाव चाळण पडले.

नऊ वर्षांनंतर एका रविवारी सकाळी दारात होसियत ओपा आल्या. त्या आमच्या मोहल्ल्यातल्या जुन्या गायिका; ओपा म्हणजे थोरली ताई. बाळाला पहिल्यांदा पाळण्यात घालतात त्या दिवशी बायकांच्या मेजवानीत गाणे हे त्यांचे काम. त्यांच्याबरोबर वाजवणारी बाई मुलाकडे ताश्कंदला राहायला गेली होती.

"जुल्हुमोर," त्या म्हणाल्या, "तुझी बोटं अजून आहेत ना?"

"आहेत ओपा. पण सोमवार ते शुक्रवार ती कारखान्याची आहेत."

"मग शनिवार-रविवार माझी."

जुल्हुमोरने मला खिळ्यावरून काढले, ओल्या फडक्याने नाही तर कोरड्या फडक्याने पुसले आणि शेगडीपासून हातभर अंतरावर धरले. माझ्या कातड्यात हवेतले पाणी शिरले की ते सैल होते आणि आवाज खाली उतरतो. हळूहळू ऊब दिली की ते पाणी निघून जाते. पंधरा मिनिटांनी तिने थाप मारली. नऊ वर्षांनी मी बोललो.

आमचे कौतुक पुष्कळ झाले. मिळकत मात्र वेगळीच होती. आमच्या गावात रक्कम आधी बोलणे लाजेचे समजत. यजमानीण म्हणे, "तुम्ही आपल्याच आहात, तुम्हाला नाराज करून पाठवीन का?" आणि निघताना हातात रेशमी कापडाचा तुकडा, दोन नान आणि मिठाईची पिशवी ठेवी. ऐन रंगात पाहुण्या बायका आमच्या ओढणीत नोटा खोचत, पण त्या नोटा यजमानिणीची जाऊ नाहीतर नणंद पदरात गोळा करून घेऊन जाई. टॅक्सीचे पैसे जुल्हुमोरच्या पगारातून जात.

"ओपा, आधी विचारून घेऊ या ना," जुल्हुमोर म्हणायची.

"तोंडानं पैसे मागायचे? माझ्या आईनं जन्मात मागितले नाहीत."

"तुमच्या आईला विजेचं बिल येत नव्हतं, ओपा."

घरी कुमरी अया वाटच बघत असत. घरखर्च त्यांच्या हातात होता आणि त्या तो चोख चालवत.

"काय आणलं आज चाळणीनं?"

"कापड, अया."

"वा. पडदे झाले, उश्या झाल्या. आता पडद्यांना पडदे शिवू."

त्याच वसंतात आमच्या गल्लीत एका माणसाने परदेशी प्रवाशांसाठी पाहुणघर काढले. त्याला दिवाणखान्याच्या भिंतीवर जुना दोयरा टांगायचा होता. त्याने माझे आठ लाख सोम देऊ केले. सोम हे आमचे चलन, त्यात लाख सहज होतात. कुमरी अयांनी सुनेला समोर बसवले.

"मी वाईट सासू नाही," त्या म्हणाल्या. "पुढच्या वसंतात नवरोजचा सण येईल, तोपर्यंत वेळ घे. चाळणीनं स्वतःचा खर्च काढला तर राहील. नाही काढला तर भिंतीवर जाईल. कबूल?"

जुल्हुमोरने माझ्याकडे पाहिले. मग म्हणाली, "कबूल."

मित्रांनो, खिळ्यावर लटकण्याचा मला अनुभव होता. पण स्वयंपाकघरात निदान वाफ होती, माणसे होती. पाहुणघराच्या भिंतीवर मला कोणी ऊब दिली नसती. तिथे मी फक्त गोल दिसलो असतो.

पुढच्या यजमानिणीकडे जुल्हुमोर बोलणी करायला गेली तेव्हा मला बरोबर घेऊन गेली. चहा झाल्यावर ती म्हणाली, "ताई, ठरलेलं लिहून ठेवू या का?"

यजमानिणीचा चेहरा पडला. "लिहून? म्हणजे मी परकी झाले? आणि लिहिणार कशावर, कागद तरी आणलाय का?"

जुल्हुमोरने कागद आणला नव्हता. तिने मला मांडीवर उलटे केले, पिशवीतून प्रयोगशाळेची पेन्सिल काढली आणि माझ्या आतल्या कडेवर, रिंगांच्या मधल्या मोकळ्या जागेत बारीक अक्षरांत लिहिले: सहा लाख सोम. इसार दोन लाख. अकरापासून दोन तास. खोचलेल्या नोटा वाजवणाऱ्यांच्या.

यजमानीण हसायला लागली. कागदावर सही करताना तिला लाज वाटली असती, पण दोयऱ्यावर सही म्हणजे गंमत होती. तिने सही केली आणि इसाराचे दोन लाखही मोजून दिले. माझ्या अंगावरचा तो पहिला करार.

ठरल्या दिवशी आम्ही अकराला हजर होतो. पण पाळण्याच्या मेजवानीत पाळणा बाळाच्या आजोळहून येतो, गाद्या-गोधड्या, खेळणी आणि नानांच्या थप्प्यांसह. आणि आजोळची माणसे कधी वेळेवर निघत नाहीत. कधी एक गोधडी शिवायची राहते, कधी तंदूर तापत नाही. पाळणा आला एक वाजता. म्हणजे आमचे दोन तास संपले तेव्हा.

"ओपा, दोनला आपल्याला दुसऱ्या मोहल्ल्यात जायचंय," जुल्हुमोर हळूच म्हणाली. तिथलाही इसार तिने घेतला होता.

"पाळणा दारात आणि आपण उठून जायचं? बाळ काय म्हणेल?"

बाळ काही म्हणाले नसते, ते झोपले होते. पण आम्ही थांबलो. बाळाला पाळण्यात बांधले, वरून मिठाई उधळली, सगळे आटोपले तेव्हा तीन वाजले होते. यजमानिणीने ठरलेली रक्कम चोख दिली. नोटाही आमच्याच झाल्या. "दोनच तास ना? एक ते तीन. झाले दोन," ती म्हणाली. दुसऱ्या मोहल्ल्यात पोहोचलो तोवर तिथे कुणी शेजारीण डबा वाजवत गात होती. जुल्हुमोरने इसार परत केला आणि माफी मागितली. एक काम कमावले, एक गमावले.

परतताना टॅक्सीत होसियत ओपा म्हणाल्या, "बघ तुझं लिहिणं. काय उपयोग झाला?"

जुल्हुमोर टॅक्सीसाठी नोटा मोजत होती. मग म्हणाली, "ओपा, कारखान्यात कापड रंगवून बघताना मी घड्याळ कधी लावते, ठाऊक आहे? भांडं शेगडीवर ठेवल्यावर नाही. रंग पाण्यात पडल्यावर."

"मग?"

"मी भांडं ठेवल्यापासून वेळ मोजली. मेजवानीचा रंग म्हणजे पाळणा."

त्या आठवड्यात तिने नवा करार केला, या वेळी कागदावर, दोन प्रती. त्यात वाजवायचे तासच नव्हते. पाळण्याने उंबरा ओलांडला की काम सुरू, मिठाई उधळली की काम संपले. एका दिवशी एकच मेजवानी. पाळणा येण्याची वेळ लिहायची, तिच्यापुढे अर्धा तास उशीर माफ. त्यानंतर दर दहा मिनिटांना वीस हजार सोम, आणि ते पाळणा आणणाऱ्यांनी द्यायचे. कापड प्रेमाने दिले तर एकच. आणि पाचवे कलम माझे होते: दोयऱ्याला कोरडी खोली आणि ऊब.

होसियत ओपांना वाटले, यावर कुणी सही करणार नाही. झाले उलटेच. उशिराचे पैसे विहिणीकडून घ्यायचे आहेत हे वाचले की प्रत्येक यजमानीण आनंदाने सही करी. एकीने तर दोनदा केली. आणि चारचौघांत उशिराचे पैसे काढायला लागू नयेत म्हणून आजोळची माणसे तंदूर पहाटे पेटवू लागली. शरद ऋतूपर्यंत मोहल्ल्यात पाळणे वेळेवर यायला लागले. होसियत ओपांना चष्म्याशिवाय वाचता येत नसे, पण करार त्यांना तोंडपाठ झाला होता. कुणी मला ओल्या अंगणात बसवायला निघाले की त्या म्हणत, "कलम पाचवं, ताई. आम्ही थांबतो."

कापूस वेचून झाला तेव्हा माझ्या कातड्याला कडेजवळ चीर गेली. जुल्हुमोर मला उस्ता यिगितालींकडे घेऊन गेली. नव्या कातड्याचे पैसे माझ्याच मिळकतीतले होते. उस्तांनी जुने कातडे उतरवले आणि आतले पेन्सिलीचे अक्षर पाहिले.

"हे घासून काढू का?"

"राहू द्या उस्ता. ती माझी चूक आहे. तिच्यावरूनच पुढचं सुचलं."

हिवाळा सरता सरता तिने कुमरी अयांपुढे वही ठेवली. टॅक्सी, कातडे, होसियत ओपांचा वाटा, सगळे जाऊन थोडे उरले होते.

कुमरी अयांनी वही दोनदा वाचली. "नवरोजला अजून तीन आठवडे आहेत," त्या म्हणाल्या. "पाहुणघरवाला दहा लाखांवर आलाय." आणि चहा ओतायला लागल्या. मला काही कळेना, आणि जुल्हुमोरलाही.

त्याच दिवसांत कुमरी अयांच्या धाकट्या मुलीला बाळ झाले. मुलीच्या सासूबाईंनी पाळण्याच्या मेजवानीसाठी आम्हालाच बोलावले आणि करारावर सही केली. म्हणजे आता पाळणा घेऊन येणार होत्या कुमरी अया. जुल्हुमोरने त्यांना करार वाचून दाखवला.

"मला वाचून दाखवतेस? मी आयुष्यात कुठं उशिरा गेले आहे?"

त्या दिवशी मी यजमानांच्या कोरड्या खोलीत शेगडीजवळ होतो, जुल्हुमोरच्या मांडीवर उलटा. अकरा वाजले, पाळण्याची ठरलेली वेळ. साडेअकरा झाले. बारा झाले. होसियत ओपा छताकडे बघत होत्या. यजमानीण विहीणबाई मात्र घड्याळाकडे बघत होत्या आणि अगदी खुशीत होत्या.

"जुल्हुमोर," ओपा कुजबुजल्या, "मागणार आहेस का?"

"माहीत नाही."

तिचा हात माझ्या कडेवर होता आणि तो गार पडला होता. मागितले तर घरात सासूचा राग आणि नवरोजला भिंत. नाही मागितले तर आजवर सही केलेल्या प्रत्येक बाईला उद्या काय सांगायचे?

बारा वाजून दहा मिनिटांनी गाडी थांबली. दोन भाच्यांनी पाळणा उचलला. कुमरी अया पुढे आल्या, त्यांच्या बाहीला पीठ लागलेले होते. त्यांनी पाळणा उंबऱ्याबाहेरच थांबवला, सरळ आमच्यापर्यंत आल्या आणि माझ्यात नोटा ठेवल्या.

"मोज. सत्तर मिनिटांतली तीस माफ, राहिली चाळीस. ऐंशी हजार. तंदूर नीट तापला नाही आज."

"अहो विहीणबाई," यजमानीण म्हणाली, "घरच्या सुनेला कुणी पैसे देतं का?"

"घरी ती माझी सून आहे. इथं ती कामावर आली आहे." मग त्यांनी वाकून माझ्यात पाहिले. त्यांना ते पेन्सिलीचे अक्षर दिसले असावे, कारण त्यांनी रिंगांमधल्या कडेवरून बोट फिरवले. "आणि चाळण असती तर पैसे खाली गळले असते. नाही गळले. दोयराच आहे हा."

पाळण्याने उंबरा ओलांडला. जुल्हुमोरने नोटा काढून होसियत ओपांकडे दिल्या, मला उचलले आणि पहिली थाप मारली. नवे कातडे, कोरडी हवा आणि गरम हात. इतका स्वच्छ आवाज मी त्याआधी दिला नव्हता.

पाहुणघराच्या भिंतीवर आता एक गोल वस्तू टांगली आहे. ती आमच्या स्वयंपाकघरातली जुनी चाळण आहे. कुमरी अयांनी ती स्वतः नेऊन दिली. प्रवासी तिच्यासमोर उभे राहून फोटो काढतात असे ऐकतो. शेजारचा खिळा रिकामा झाला, पण मला आता खिळ्यावर ठेवत नाहीत. माझी कापडी पिशवी आहे. तिच्या खिशात कराराच्या कोऱ्या प्रती आणि एक पेन्सिल असते.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुठेतरी एखादे वाद्य दारामागे असेल. त्याला कोरडे ठेवा, अधूनमधून ऊब द्या, थाप मारून बघा. आणि कुणी तुमच्याकडे वाजवायला, गायला आले तर त्यांची रक्कम, त्यांची वेळ, त्यांची बसायची जागा आधी ठरवा आणि लिहून ठेवा. लिहिल्याने माणूस परका होत नाही. माझ्या आतल्या कडेवर हात फिरवून बघा, अक्षर अजून तिथेच आहे.